जानेवारीत पक्षी निम्म्यावर: एका जलाशयावरच्या पाणपक्षी गणनेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण दख्खनच्या पठारावरच्या एका मध्यम आकाराच्या धरणाचं आहे. धरणाचं, गटाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमाने घेतले गेले त्याच क्रमाने मांडले आहेत, कारण इथे बरंच काही त्या क्रमामुळेच घडलं.

धरणाच्या फुगवट्यावर हौशी पक्षीनिरीक्षकांचा एक गट बऱ्याच वर्षांपासून दर जानेवारीत पाणपक्षी मोजतो. त्यात शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, कॉलेजची मुलं आहेत. या कामाचे कोणालाच पैसे मिळत नाहीत. अंधारात निघायचं, उजाडायच्या आत काठांवर पोचायचं, दुर्बिणी आणि स्पॉटिंग स्कोप लावायचे, दुपारपर्यंत तक्ते भरायचे आणि संध्याकाळी एका घरी जमून बेरीज करायची, असा त्यांचा शिरस्ता.

ही मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेचा भाग आहे. युरोपात 1967 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय गणनेची ही शाखा भारतीय उपखंडात 1987 पासून चालते. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि वेटलँड्स इंटरनॅशनल तिचं संयोजन करतात. महिना जानेवारीच का, याला कारण आहे. तोवर उत्तरेकडून आलेले पक्षी हिवाळ्यापुरते स्थिरावलेले असतात आणि परतीची हालचाल अजून सुरू झालेली नसते. सगळीकडे साधारण एकाच पंधरवड्यात मोजलं की एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

या आकड्यांचा उपयोगही ठोस आहे. एखादी पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, घेताना जे निकष लावतात, त्यांतला एक म्हणजे तिथे नियमितपणे 20,000 किंवा त्याहून जास्त पाणपक्षी असणं; दुसरा, एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येचा किमान 1 टक्का तिथे असणं. नांदूर मध्यमेश्वर ही महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली, पण हे निकष कुठेही लावायचे तर हाताशी वर्षानुवर्षांचे आकडे लागतात. ते आकडे बहुतेक ठिकाणी अशाच बिनपगारी माणसांनी थंडीत उभं राहून जमवलेले असतात. म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच त्यातली चूकही महाग पडते.

अडचण

एका जानेवारीत संध्याकाळची बेरीज आधीच्या वर्षांच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली आली. तक्ते दोनदा तपासले, बेरीज बरोबर होती. त्याच रात्री एका उत्साही सदस्याने एकूण आकडा आणि मागच्या वर्षीचा आकडा शेजारी शेजारी लिहून व्हॉट्सअॅप गटात टाकला. तिथून तो बाहेर गेला. दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली: पक्षी निम्म्यावर, मासेमारीची जाळी कारणीभूत.

जाळ्यांचा मुद्दा अगदी हवेतला नव्हता. धरणात बारीक धाग्याची उभी जाळी लावली जातात आणि त्यांत अधूनमधून पाणकावळे आणि वारकरी (काळ्या रंगाचा, पांढऱ्या कपाळाचा पाणपक्षी) अडकतात, हे गटाने पाहिलेलं होतं. पण संख्या निम्म्यावर येण्याशी त्याचा संबंध कोणीही तपासलेला नव्हता. बातमीत गटाचं नाव होतं. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी ती वाचली आणि ते दुखावले. इतकी वर्षं हीच माणसं मोजणीच्या सकाळी दोघा-तिघांना होडीतून मधल्या बेटावर सोडत होती.

याच सुमारास फुगवट्यात मोटरबोटींचा नौकाविहार सुरू करण्याचा प्रस्ताव चर्चेत होता. गटातल्या सगळ्यांचा त्याला विरोध होता. त्यामुळे हा आकडा केवळ नोंदवहीतला राहिला नव्हता, त्याच्यावर काहीतरी ठरणार होतं.

तक्ते नीट वाचल्यावर चित्र एकसारखं नव्हतं. एकूण संख्येत सगळ्यात मोठा वाटा नेहमीच वारकऱ्यांचा असे, आणि ते खूपच कमी दिसले होते. शेकाट्ये आणि छोटे टिलवे यांसारखे चिखलातले पक्षी जवळजवळ नव्हतेच. थापट्या, तलवार बदक, चक्रांग या बदकांत घट होती, पण जातीजातीत फरक होता. नदी सुरय आणि राखी बगळे मात्र नेहमीएवढेच होते. एका जातीच्या चढउतारावर सगळी बेरीज हलत असेल, तर त्या बेरजेवरून जलाशयाबद्दल बोलणं धोक्याचं असतं. ही गोष्ट गटात दोघांनी त्याच आठवड्यात बोलून दाखवली होती. ऐकायला कोणाला सवड नव्हती.

समोरचे पर्याय

बातमीनंतर गट बसला. तीन मतं पुढे आली.

पहिलं मत ज्येष्ठ सदस्याचं. आकडा आपणच मोजलेला आहे, तो खरा आहे, मग सरळ पत्रक काढून धरणावरचे पक्षी घटल्याचं जाहीर करावं आणि त्याच्या आधारे नौकाविहाराला हरकत घ्यावी. त्यांचं म्हणणं असं, "खात्री होईपर्यंत थांबलो तर वाचवायला काही उरणार नाही. पाणथळ जागा अशाच गेल्या." हे म्हणणं मी हलकं समजत नाही. धोका ठळक दिसत असताना पूर्ण पुरावा मागत बसणं हेही अनेक जागांच्या मुळावर आलेलं आहे.

दुसरं मत तरुण सदस्यांचं होतं. त्या सकाळी धुकं होतं, पलीकडचा काठ उशिरापर्यंत दिसलाच नाही. तेव्हा दोन आठवड्यांनी पुन्हा मोजू आणि चांगला आकडा येईल तो गणनेच्या संयोजकांना पाठवू.

तिसरं मत समन्वयक असलेल्या शिक्षिकेचं. मोजलेला आकडा आहे तसा पाठवायचा, त्याला धुक्याची आणि कमी माणसांची टीप जोडायची, पुन्हा मोजणी करायची पण ती वेगळी नोंद म्हणून ठेवायची, आणि जुने तक्ते काढून पाहिल्याशिवाय बाहेर काहीही बोलायचं नाही.

पहिला निर्णय: कोणता आकडा पाठवायचा

दुसरं मत वरवर निर्दोष वाटतं. खराब हवेत मोजलेलं चांगल्या हवेत पुन्हा मोजण्यात वाईट काय? अडचण अशी की गटाने याआधी कधीच, आकडा अपेक्षेपेक्षा जास्त आला म्हणून पुन्हा मोजलं नव्हतं. कमी आला तरच शंका घ्यायची, पुन्हा जायचं आणि दोहोंतला मोठा आकडा ठेवायचा, असं दरवर्षी केलं तर खरी घट कागदावर कधी उमटणारच नाही. कोणीही खोटं बोलणार नाही आणि तरीही नोंद खोटी होईल. शिवाय जानेवारी संपता संपता काही पक्षी हलायला लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांनंतरची मोजणी ही त्याच दिवसाची दुरुस्ती म्हणून धरताही येत नाही.

गटाने शिक्षिकेचं ऐकलं. आकडा आहे तसा, टिपेसह, पाठवला. फेरमोजणी वेगळ्या कागदावर झाली. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा निर्णय हाच, आणि तो घेतला गेला तेव्हा बाकी काहीच स्पष्ट झालेलं नव्हतं.

जुन्या तक्त्यांत काय सापडलं

खरं काम इथे सुरू झालं. निवृत्त बँकवाल्यांनी आधीच्या सगळ्या वर्षांची कागदपत्रं एकत्र केली. काही वर्षांचे मूळ तक्ते होते, काहींची फक्त अंतिम बेरीज शिल्लक होती. किती माणसं होती, कोणत्या काठांवरून मोजलं, किती वाजता सुरू करून किती वाजता थांबले, हे बहुतेक तक्त्यांवर नव्हतंच. त्यासाठी रकानाच नव्हता. मग जुने फोटो, त्यांवरच्या वेळा, कोणाची डायरी, कोणाची आठवण यांवरून ते जुळवलं.

उत्तर अमेरिकेत 1900 च्या नाताळात पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने, सणाच्या शिकारीला पर्याय म्हणून, 27 जणांनी 25 ठिकाणी पक्षी मोजले होते. ती नाताळ गणना आजही चालते. 24 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात एका दिवसात पक्षी मोजताना किती तुकड्या होत्या आणि त्या किती तास फिरल्या हेही तिथे नोंदवतात. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरतानाही वेळ, अंतर आणि माणसं विचारली जातात. पक्ष्यांसोबत आपण घेतलेले कष्टही मोजायचे, ही शिस्त आपल्या गटांत अजून मुरलेली नाही. या गटातही नव्हती.

जुळवाजुळव झाल्यावर दिसलं ते असं. सुरुवातीच्या वर्षांत मोजणीची ठिकाणं कमी होती, मग वाढत गेली, आणि या वर्षी माणसं कमी पडल्याने दोन ठिकाणं गाळली होती. त्यांतलं एक म्हणजे उथळ पाण्याची आत शिरलेली शाखा, जिथे बदकं सर्वाधिक असत.

बँकवाल्यांनी आधी एकूण पक्ष्यांना एकूण तासांनी भागून पाहिलं. त्याने घट जवळपास नाहीशी झाली. गटात हायसं वाटलं, पण शिक्षिकेने इथेही थांबवलं, आणि तिचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा एका काठावरून समोरच्या पाण्यात 600 बदकं दिसतात. अर्ध्या तासात ती मोजून होतात. अजून दोन तास तिथे उभं राहिलं तरी ती 600 च राहणार. मग तासाने भागल्यावर जास्त वेळ थांबलेला गट कारण नसताना कमी पक्षी दाखवणार. झुडपांत, शेतांत विखुरलेले पक्षी जितकं चालाल तितके सापडत जातात, तिथे तासांचा हिशेब कामाचा आहे. उघड्या पाण्यावरच्या थव्यांना तो तसाच लावता येत नाही. तिथे महत्त्वाचं हे की कोणता काठ पाहिला आणि कोणता नाही.

म्हणून दुसरी वाट धरली. मूळ तक्ते असलेल्या सगळ्या वर्षांत न चुकता मोजलेली तीनच ठिकाणं निघाली. फक्त त्या तीन ठिकाणांचे आकडे वर्षांवर्षांत ताडून पाहिले. बाकीचा सगळा ऐवज बाजूला ठेवावा लागला. इतक्या वर्षांच्या श्रमातला मोठा भाग तुलनेसाठी निरुपयोगी ठरतोय हे पाहणं त्यांना जड गेलं. तीन ठिकाणांवर घट उरली, पण ती निम्म्यापेक्षा बरीच लहान होती.

आणखी एक गोष्ट सापडली. अनेक वर्षं तक्ते भरणारे एक सदस्य लांबच्या, ओळख न पटलेल्या बदकांची जवळच्या थव्यातल्या प्रमाणात जातींत वाटणी करत. ते गाव सोडून गेल्यावर नव्या मुलांनी प्रामाणिकपणे "अनोळखी बदक" असं लिहायला सुरुवात केली. म्हणजे जातवार आकडे काही अंशी लिहिणारा हात बदलल्याने घसरले होते. मग बदकांच्या बाबतीत अनोळखी धरून सगळ्यांची एकत्र बेरीज आधी पाहायची आणि जातवार आकड्यांबद्दल बोलताना फक्त जवळचे, नक्की ओळखलेले थवेच घ्यायचे असं ठरलं.

मच्छीमार आणि पाण्याची पातळी

बातमीनंतर सोसायटीशी बोलायला कोणी जायचं यावर गटात दोन बैठका गेल्या. शेवटी शिक्षिका आणि कॉलेजमधली दोन मुलं गेली. बातमी गटाने दिलेली नव्हती, पण आकडा गटातूनच गेला होता, हे तिने आधी सांगितलं. बराच वेळ तक्रारी ऐकून घेतल्यावर एका वयस्क मच्छीमाराने सहज म्हटलं, "मॅडम, औंदा पाणी उतरलंच न्हाई. पाखरं बसायची कुठं?"

गटातल्या कोणीही धरणाची पातळी पाहिलेली नव्हती. जलसंपदा विभागाकडे ती रोज नोंदलेली असते आणि मागितल्यावर मिळाली. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. जमिनीत ओल असल्याने रब्बीसाठी पाण्याची मागणी उशिरा आली आणि कालव्याचं पहिलं आवर्तन, म्हणजे धरणातून पाणी सोडणं, पुढे गेलं. जानेवारीच्या मध्यात धरण जवळजवळ भरलेलं होतं. इतर वर्षी तोवर पाणी ओसरून गाळपेराच्या जमिनी उघड्या पडलेल्या असतात, त्यांच्या कडेला पसरट चिखल आणि वीतभर पाणी असतं. त्या वर्षी हा सगळा पट्टा पाण्याखाली होता.

छोट्या टिलव्याला ओला चिखल लागतो. शेकाट्या पायांनी उंच असला तरी त्यालाही उथळच पाणी हवं. तलवार बदक, चक्रांग बुडी मारत नाहीत. शेपूट वर करून मान पोचेल तेवढ्यातलं खातात. वारकरी बुडी मारतो, पण त्याला पाणवनस्पती हाताशी हवी असते. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पाहायला जाणाऱ्यांना हे ठाऊक आहे, पाणी ओसरायला लागल्याशिवाय ते तिथे नीट जमत नाहीत. तेच गणित इथे चालू होतं. नदी सुरय आणि बगळे का घटले नव्हते, याचाही यातून बराचसा उलगडा होतो. सुरय उघड्या पाण्यावरून मासे टिपतो, आणि राखी बगळ्याला उभं राहायला काठ कुठेही मिळतो.

फेरमोजणीच्या वेळी मुलं आजूबाजूच्या पाझर तलावांवरही गेली. तिथे वारकरी आणि शेकाट्ये चांगल्या संख्येने होते. गटात आनंद झाला: पक्षी घटले नाहीत, पांगले. पण त्या तलावांचा आधीच्या कुठल्याही वर्षाचा आकडा कोणाकडे नव्हता. ते पक्षी धरणावरून तिथे गेले होते की दरवर्षीच तिथे असत, हे सांगायला काहीच आधार नव्हता. पांगल्याची शक्यता मोठी आहे, एवढंच लिहून ठेवलं.

हे सगळं लक्षात घेतल्यावरही एक जात हिशेबात बसेना. थापट्या रुंद चोचीने पृष्ठभागावरचं पाणी गाळून खातो, त्यामुळे चिखल बुडाल्याचा फटका त्याला टिलव्याइतका बसायला नको होता. तीन समान ठिकाणांवर, फक्त नक्की ओळखलेले पक्षी घेऊनही, त्याची संख्या खाली होती. शिवाय मागे वळून पाहिलं तर आधीच्या काही वर्षांतही ती हळूहळू उतरत आलेली दिसत होती. मोठ्या एकूण बेरजेच्या आड ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसरा निर्णय: हरकत कशाच्या जोरावर घ्यायची

नौकाविहाराच्या प्रस्तावावर म्हणणं मांडायची वेळ आली तेव्हा ज्येष्ठ सदस्य आपल्या मतावर ठाम होते. त्यांना उत्तर म्हणून शिक्षिकेने एवढंच विचारलं की, समोरच्या बाजूच्या कोणी पाण्याची पातळी दाखवली तर आपण काय सांगणार? निम्म्यावर आल्याचा दावा एका प्रश्नात कोसळला असता आणि त्यासोबत गटाची पुढची दहा निवेदनंही.

गटाने हरकत घेतली, पण घटीचा आधार घेतला नाही. पक्षी कुठे खातात, कुठे रात्र काढतात, कोणत्या महिन्यांत कोणत्या शाखेत असतात याचा नकाशा जोडला. मोटरबोट जवळून गेली की थवा उठतो, पुन्हा बसायला वेळ घेतो, आणि लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला दिवसातून अनेकदा असं उठावं लागणं परवडत नाही, हे मांडलं. त्यासाठी पक्षी घटलेले असण्याची गरजच नव्हती. ज्येष्ठ सदस्यांची घाई योग्य होती असं मला वाटतं; त्यांनी हातात घेतलेला आधार कच्चा होता. घाई आणि पुरावा यांतलं एकच निवडायचं नव्हतं, हे त्या बैठकीत कळायला वेळ लागला.

मच्छीमार सोसायटीनेही बोटींच्या लाटांनी जाळी तुटतील म्हणून आपलं वेगळं निवेदन दिलं. दोन्ही निवेदनांत उथळ शाखेचा उल्लेख होता.

परिणाम

प्रस्ताव रद्द झाला नाही. बोटी भिंतीजवळच्या खोल भागापुरत्या ठेवायच्या आणि उथळ शाखेत न्यायच्या नाहीत, एवढं ठरलं. ते कागदावर पक्कं झालेलं नाही, समजुतीवर चाललं आहे, म्हणून मी त्याला यश म्हणायला कचरतो.

वर्तमानपत्राला गटाने एक पानी खुलासा पाठवला. तो आतल्या पानावर लहानसा छापून आला. पहिली बातमी वाचलेल्यांपैकी कितीजणांनी तो वाचला असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल.

पुढच्या हिवाळ्यात सोसायटीची होडी मिळाली नाही. बेटावरची मोजणी त्या वर्षी झालीच नाही. एका रात्री बाहेर गेलेल्या आकड्याची ही थेट किंमत.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत पाणी वेळेवर उतरलं आणि चिखलातले पक्षी परत दिसले. वारकऱ्यांची संख्या सावरली, पण वर्षावर्षाला मोठे झोके घेत राहिली. ती त्यांची रीतच आहे, हे आता गटाला कळलं आहे. थापट्या तीन समान ठिकाणांवर जुन्या पातळीला आलेला नाही. 2023 च्या स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवालातही तो देशभरात घटत चाललेल्या पक्ष्यांमध्ये आहे. तो अहवाल पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर भरलेल्या याद्यांवर उभा आहे. देशभरचा कल आणि इथला कल एकाच दिशेला आहेत. त्यावरून इथलं कारण मात्र ठरत नाही. ते उत्तरेकडच्या प्रजननाच्या भागात असू शकतं, वाटेवरच्या पाणथळींत असू शकतं किंवा याच धरणात. गटाच्या अहवालात "घट दिसते, कारण ठरलेलं नाही" असं वाक्य आहे. मला ते वाक्य त्या बातमीपेक्षा कितीतरी गंभीर वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

फेरमोजणीचा नियम आकडा येण्याआधी ठरलेला असायला हवा होता. किती अंतरापर्यंत दिसत नसेल तर मोजणी पुढे ढकलायची, हे सकाळी काठावर उभं असताना ठरवायचं, संध्याकाळी बेरीज पाहून नाही. आता नियम असा आहे: समोरच्या काठावरची ठरावीक खूण दिसत नसेल तर थांबायचं, ठरलेल्या वेळेपर्यंत दिसली नाही तर दिवस बदलायचा. आकडा काय येईल हे कोणालाच माहीत नसताना हा निर्णय होतो, म्हणून तो निर्मळ राहतो.

माणसं कमी असतील तर कोणती ठिकाणं गाळायची याचाही क्रम आधी लावता आला असता. त्या वर्षी जी दोन ठिकाणं गळली ती केवळ रस्ता वाईट म्हणून गळली. सगळ्यात जास्त बदकांची शाखा त्यात गेली. आज तीन समान ठिकाणं काहीही झालं तरी चुकवायची नाहीत, आणि उथळ शाखा चौथी.

मूळ तक्ते टाकून फक्त बेरजा जपणं हे सगळ्यात मोठं नुकसान. ज्या वर्षांचे मूळ कागद नाहीत ती वर्षं तुलनेत कधीच येणार नाहीत, त्यावर आता इलाज नाही. काहींनी आठवणीवरून ती भरून काढायची सूचना केली होती, ती मान्य झाली नाही हे बरं झालं.

सोसायटीशी बोलणं बातमीनंतर झालं, ते मोजणीच्या दिवशीच व्हायला हवं होतं. पाणी उतरलं नाही हे ती माणसं रोज पाहत होती. कोणी विचारलं असतं तर पहिल्या संध्याकाळीच कळलं असतं. जाळ्यांत पक्षी अडकतात हा प्रश्न खरा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. दोष देणाऱ्या बातमीनंतर त्यावर बोलणं उलट अवघड झालं. अलीकडे दोघा मच्छीमारांनी अडकलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवायची तयारी दाखवली आहे. त्या नोंदी फक्त मोजण्यासाठी वापरायच्या, कोणावर कारवाईसाठी नाही, असा शब्द गटाने दिला आहे.

एक मुद्दा माझ्या मते अजूनही कच्चा आहे. मोठे थवे मोजताना आपण दहाचा किंवा पन्नासचा एक गठ्ठा डोळ्यांत धरून तो थव्यावर किती वेळा बसतो ते पाहतो. थवा मोठा आणि दाट झाला की बहुतेकांचा अंदाज कमी येतो, आणि प्रत्येकाचा कमीपणा वेगळा असतो. दोघांनी एकाच थव्याचे स्वतंत्र अंदाज लिहायचे, आधी बोलायचं नाही, जमल्यास फोटोवर एकेक मोजून ताडायचं, हा सराव डिसेंबरमध्ये करता येतो. गटाने एकदा केला आणि सोडून दिला. थापट्याच्या आकड्यावर पुढे कोणी प्रश्न विचारलाच, तर तो इथूनच विचारला जाईल.

आताच्या तक्त्यावर पहिल्या ओळीत धरणाची पातळी, सुरू आणि बंद केल्याची वेळ, माणसांची संख्या आणि दृश्यमानता आहे. जी जात दिसली नाही तिथे रिकामी जागा सोडत नाहीत, शून्य लिहितात, म्हणजे पाहिली आणि दिसली नाही की पाहिलंच नाही हे कळतं. पाझर तलावांची मोजणी त्याच सकाळी होते आणि तिचा हिशेब धरणापासून वेगळा राहतो. गेल्या हिवाळ्यात सोसायटीची होडी पुन्हा मिळाली. बेटावरचे आकडे नव्या मालिकेची पहिली नोंद म्हणून लिहिले आहेत, जुन्यांना जोडलेले नाहीत.